सहावा पुंकेसर

पहिल्याच दिवशी ती ग्रीनहाऊसमध्ये शिंकली आणि चिमटेमामांनी तिच्याकडे असं पाहिलं, की नजरेनं माणूस जळत असता तर पीएचडीऐवजी तिची रक्षाच घरी गेली असती. "पोरी," मामा म्हणाले, "माणसांचा पराग बाहेर झाडायचा."

बावीस देशांचे शास्त्रज्ञ त्या संस्थेत होते आणि या एका टेक्निशियनपुढे सगळे शाळकरी होत. मोहरीच्या दाण्याएवढी कळी भिंगाखाली उघडायची, सहाच्या सहा पुंकेसर चिमट्यानं उपटायचे आणि दुसऱ्या रोपाचा पराग लावायचा. एक जरी पुंकेसर राहिला तरी कळी स्वतःचंच बी धरते, संकर फसतो. एकतीस वर्षांत मामांचा एकही फसला नव्हता. हे मामा स्वतःच सांगत, कुणी विचारायची वाट न बघता.

मुळाला खाली जायची दिशा कळते कशी, हा तिचा प्रश्न. त्यासाठी दोन जनुकं एकाच रोपात बंद पाडायची होती; ती बंद पडली की मूळ भरकटेल, असा तिचा अंदाज. तिचा करार संपायला सव्वा वर्ष. मामांनी संकर करून दिला, बी उगवलं, तिनं अठरा रोपांचा डीएनए तपासला. अठराही नुसती आईवर गेलेली. बापाचा पत्ता नाही.

तिनं रसायनं बदलली, मशीनला शिव्या घातल्या, स्वतःच्या अकलेचे वाभाडे काढले. मामांवर संशय घ्यायची तिची छातीच होईना. मग एकदा कॅन्टीनमध्ये दिसलं: मामा कोपरं टेबलाला टेकवून, कप दोन्ही हातांनी धरून चहा पीत होते, तरी बशीत तळं झालं होतं.

अहवालात तिनं लिहिलं, लेबलांची अदलाबदल झाली, चूक माझी. मामांनी तो वाचला.

"खोड ते."

"मामा, निवृत्तीला चारच महिने राहिलेत तुमच्या."

"आणि माझ्या हातचं बी फ्रीजरमध्ये किती पडलंय? त्यावर किती पोरांची कामं उभी आहेत? लिही, मामांचा हात थरथरतो."

तिनं लिहिलं. हात थरथरू लागल्यापासूनचं, दोन वर्षांचं बी फेकलं गेलं. ज्यांचं गेलं ते मामांना पाहून रस्ता बदलू लागले. मामांना कुंड्या धुवायला बसवलं. दुपारी ते तिच्या शेजारी येत, हात मांडीखाली दाबून बसत आणि तिच्याकडून कळ्या उघडून घेत. चाळीस फसल्या, तीन साधल्या.

मामा निरोपसमारंभाविना निवृत्त झाले. पुढच्या पिढीत तिला हवं ते रोप मिळालं, दोन्ही जनुकं बंद असलेलं. त्याचं मूळ इतर सगळ्या रोपांसारखंच सरळ खाली गेलं.