खालच्या मजल्यावरचा युरोप

आमच्या खाली राहणारा प्रोफेसर दिसला की माझं डोकं फिरतं. युरोपातला मानवी हक्कांचा कायदा हा त्याचा विषय. जयभीम म्हणतो, चष्मा पुसतो आणि सुरू होतो. मी सातवी नापास आहे, हे त्याच्या ध्यानातच राहत नाही.

इथं अमेरिकेत, प्लेनोच्या ऐन उन्हाळ्यात माझा एसी बंद पडला. बिल्डिंगचा मॅनेजर रोज 'उद्या' म्हणतो. हा प्रोफेसर वर येऊन घाम पुसत सांगतो, "काका, स्वित्झर्लंडमध्ये म्हाताऱ्या बायकांची संघटना उकाड्यावरून सरकारविरुद्ध कोर्टात गेली, आणि जिंकली!"

"मग त्या कोर्टाला सांग, माझा एसी दुरुस्त करा."

"ते इथं लागू नाही, काका."

"मग कशाला डोकं खातोस?"

"मुद्दा तो नाही. अभ्यासक आता विचारतायत, निकालानंतर त्या बायकांना नेमकं मिळालं काय?"

"उकाडाच मिळाला असेल!"

"तोवर खाली माझ्याकडे चला ना."

"हिला एकटीला सोडून मी कुठंही येणार नाही."

ही म्हणजे माझी बायको. गेल्या वर्षी गेली. बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिचा फोटो आहे.

तो उठला, हात जोडले आणि फोटो अलगद छातीशी धरला. "काकूंना उकडतंय," म्हणत जिना उतरू लागला. मी शिव्या घालत मागोमाग गेलो.

आता त्याच्या गार हॉलमध्ये तो तिच्याकडे बघत युरोप सांगतो. कुणी बोलताना मध्ये तोंड घातलेलं हिला खपायचं नाही, म्हणून मीही ऐकत बसतो.