त्याच्या हातची धार

शेजाऱ्याच्या विहिरीवर, त्याच्याच बाजूला बसून मी माझ्या घरची सुरी पाजवली. स्वातंत्र्यानंतरचा पहिला उन्हाळा होता तो. आमच्या चौल गावातल्या बायका धारेसाठी त्याच्याकडंच जायच्या. माझीही जायची, म्हणून मी जिद्दीनं शिकायला बसलो होतो.

त्याला घाई कसली ती ठाऊक नव्हती. दगडावर ओंजळभर पाणी सोडायचा, मान तिरकी करून घासण्याचा आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "दाबू नका, दादा. दगडाशी भांडान हाय काय तुमचा?"

त्या दिवशी त्यानं सुरीला बोटही लावलं नाही. सगळी धार मी लावली.

संध्याकाळी बायकोनं सुरमई कापली. काटा एका दाबात तुटला. ती म्हणाली, "भावजींच्या हाताला तोड न्हाय."

मी पेटलो. कुंपणाशी जाऊन त्याला ओरडलो, "घे! ह्याचं कौतुकपण तुझंच."

तो म्हणाला, "उद्या सांगतो वहिनीला."

पहाटे ती झोपेतच गेली. मी उशाशी बसून होतो. सकाळी तो आला, तिच्या पायांशी वाकला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, कालची धार दादांची."

तेही त्यानंच सांगितलं.