मोबाईलसमोर आलेली वरातआत्या

लग्न कुणाचंही असो, वरातीत आमची आत्या सगळ्यांच्या पुढे. एकदा कापूरहोळच्या फाट्यावर वरातीमुळे गाड्या तुंबल्या. मागच्या ट्रकवाल्याने वैतागून हॉर्न दाबून धरला, तर ही त्या हॉर्नवर नाचली. तिच्या गावात, उत्रोलीत, तिला सगळे वरातआत्याच म्हणत. माझी बायको गेल्यावर ती कपड्यांची पिशवी घेऊन भोरला आमच्याकडे आली, ती राहिलीच.

मी तिच्या अगदी उलटा. वीजबिल आलं की आधीच्या बिलाशी ताडून पाहणारा. आत्या म्हणायची, "ह्यो जन्मला तवा रडला बी मोजूनमापून."

माझी मुलगी सई आई गेल्यापासून माझ्याशी कामापुरतंच बोलायची. एके दिवशी तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. एकट्या पालकाच्या कुटुंबांसाठी नाचाच्या व्हिडिओची स्पर्धा होती. "बाबा, नाचाल माझ्याबरोबर?" इतक्या दिवसांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी घाईघाईने हो म्हणालो आणि मग सवयीने नियम वाचत बसलो. व्हिडिओत फक्त पालक आणि मुलं, हा नियम आत्याला मोठ्याने वाचून दाखवला.

"मंग म्या काय करू?"

"तू शिकव."

तिने मला अंगणात उभं केलं. "आरं, खांदं सोड की! नाचतोयस का रेशनच्या रांगंत हुबा हाईस?" मी मनातल्या मनात ताल मोजायचो आणि ओठ हलायचे. सई म्हणाली, "बाबा, तुम्ही पाढे म्हणताय असं दिसतंय."

"म्हनू दे," आत्या म्हणाली. "तोंड चालतंय, तर पाय बी चालतील कवातरी."

शेवटच्या तारखेला संध्याकाळी ते खरंच चालले. सई माझ्याकडे बघून हसत होती. अखेरची गिरकी तेवढी बाकी होती, आणि आत्या सरळ मोबाईलसमोर आली. आम्हा दोघांच्या तोंडावरून हात ओवाळून तिने आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"नजर लागंल गं माज्या लेकरांना!"

"आत्या! नियम!" मी ओरडलो. तेही रेकॉर्ड झालं.

पुन्हा करू म्हणालो, पण अंधार पडला होता आणि सई पोट धरून खाली बसली होती. हसता हसता म्हणाली, "हाच पाठवायचा."

"बाद होईल गं."

"होऊ दे."

मी पाठवला. वर प्रामाणिकपणे खुलासाही जोडला, की मधे आलेली व्यक्ती माझी आत्या आहे. अर्थातच बाद झालो. आयोजक बाई फोनवर म्हणाल्या, "नाच गोड होता हो, पण तिसरी व्यक्ती आली ना."

आत्या शेजारून कडाडली, "तिसरी म्हंजी? हितंच ऱ्हाती की म्या!"

त्या रात्रीपासून सई जेवताना बोलायला लागली. बरंचसं बोलणं माझ्या नाचाची नक्कल करण्यातच जायचं. मी तक्रार केली नाही.

गेल्या थंडीत आत्या गेली. यंदा त्याच स्पर्धेची जाहिरात आली, तेव्हा सईने ती मला दाखवली. मी चष्मा लावून नियम वाचले.

"आता आपण बसतो यात," मी म्हणालो.

सईने मोबाईल पालथा ठेवला. "नको बाबा. दोघंच काय नाचायचं?"