राबाचा प्रश्न

आमच्या जव्हारच्या दवाखान्यातला शिपाई मूळचा साखरशेतचा. काहीही विचारलं की तो आधी टोपी सारखी करायचा आणि मग "तसा नाय" म्हणून सुरुवात करायचा. मी तेव्हा तिथे कारकून होतो. या सवयीचा मला भारी राग यायचा.

एकदा म्हातारपणी जडणारा विसरण्याचा आजार तपासायला मुंबईचे डॉक्टर आले. प्रश्न छापील होते: आज तारीख काय, शंभरातून सात गेले किती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आमच्या सगळ्या म्हाताऱ्या नापास झाल्या.

शिपायानं टोपी सारखी केली. "तसा नाय, सायेब. राब कसा रचायचा, ता इचारा."

रोपासाठी जमीन भाजायची तर खाली शेण, मग पालापाचोळा, गवत आणि सगळ्यात वर माती, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हाताऱ्यांनी हसत हसत सांगितलं. एकीनं मात्र माती तळाला घातली. तिच्या सुनेचा चेहरा उतरला.

डॉक्टरांनी तो प्रश्न कागदावर उतरवून घेतला. जणू मीच काढला होता, अशी माझी छाती फुगली.

"कुठे शिकलास हे?" त्यांनी शिपायाला विचारलं.

टोपीला हात न लावता तो म्हणाला, "माझे आयशीनं एक साल माती आधी घातली. आमी हसलो होतो."