पुण्याचा करार आणि आमचे दोन पार्टनर

लेथखाली लोखंडाचा बुरादा साचतो, तसे आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से साचतात. फरक एवढाच, बुरादा भंगारवाला घेऊन जातो.

हिंगण्याच्या एमआयडीसीत बाबा आणि त्यांचे पार्टनर भाऊकाका संत्र्याच्या बागांमधल्या पंपांचे शाफ्ट बनवतात. आता शेतकरी सोलर पंपाचा तयार सेट घेतो, आमचे शाफ्ट गंजत पडलेत. अशात पुण्याची ई-रिक्षाच्या मोटरी बनवणारी कंपनी आली. ट्रायलचा माल पास झाला तर तीन वर्षांचा करार, नाहीतर शटर खाली. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून याच मशीनवर उभा आहे. मला दुसरं दार नाही.

*

कंपनीनं पार्टनरशिप डीड मागितलं. बाबा म्हणाले, "पंचवीस वर्षं एका डब्यात जेवून राहिलो, कागद कायले पाह्यजे?"

शेवटी मी दोघांना वकिलाकडे नेलं. 'जबाबदार कोण' विचारल्यावर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. डीडवर चिकटवायच्या फोटोला मात्र दोघंही पुढे! या पिढीला सही नको, नाव हवं.

*

मी प्रेझेंटेशन केलं. पहिली स्लाइड: 'पुढची पाच वर्षं'.

भाऊकाका म्हणाले, "पाच वर्षं कोणं पाह्यली गा? लाइट आली, पंखा लाव."

स्ट्रॅटेजी मीटिंग संपली.

*

पुण्याहून ड्रॉइंग आलं. मी लॅमिनेट करून मशीनपाशी टांगलं. दुपारी पाहतो तर काकांनी ते डब्याखाली अंथरलेलं.

"भारी कंपनी आहे बे! वरण सांडलं तरी पुसता येते."

*

शाफ्टची जाडी तपासायला कंपनीनं स्वतःचं गेज पाठवलं. घोड्याच्या नालेसारखं. शाफ्ट त्याच्या फटीतून बेतानं गेला की पास.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा होते. या नव्या पाहुण्याला काकांनी हळद-कुंकू जरा जास्तच लावलं. नंतर मी अख्खा लॉट त्याच गेजच्या फटीला बसेल असा कातला आणि तपासला. एकूण एक शाफ्ट पास!

पुण्याच्या इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी सोबत आणलेल्या गेजमध्ये प्रत्येक शाफ्ट ढिला.

बाबा लगेच म्हणाले, "पोट्ट्यानं कॉलेजही असंच अर्धवट सोडलं, मॅडम."

मॅडमनी आमचं गेज उचललं, फटीत नख घातलं. वाळलेल्या कुंकवाची खपली टेबलावर पडली. मग त्याच गेजनं मोजलं. ढिला. दुसरा घेतला. ढिला. त्यांनी कराराचे कागद बॅगेत परत ठेवले.

भाऊकाका शांतपणे म्हणाले,

"पाह्यलं न मॅडम? पूजा होती तवर माल बरोबर होता!"