चेहऱ्याच्या दवाखान्यातली मंडळी

आमच्या दवाखान्यात पेशंट मॅडमना तक्रार सांगतात आणि मला कारण सांगतात! मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. पापण्यांची ऑपरेशनं आणि चेहऱ्याचं लेझर ही त्यांची कामं. मी त्यांची वनिता सिस्टर. एरवी अमरावतीत, गुरुवारी अकोल्यात. लेझरच्या आधी चेहऱ्यावर बधिर करणारं क्रीम लावून पेशंटला पाऊण तास नुसतं बसवावं लागतं. क्रीम लावलेला माणूस कुठे जाणार? मग तो बोलतो. असे किती पाऊण तास माझ्याकडे साठले असतील, विचारू नका. नावं बदलून थोडे सांगते.

* * *

अकोल्याची भाग्यश्री. बँकेत नोकरी. गालावर पिंपल्सचे जुने खड्डे होते, म्हणून लेझर करून घेतलं, पण घरी पत्ता लागू दिला नाही. आता लेझरनंतर चेहरा आठवडाभर लाल राहतो, बारीक खपल्या धरतात. लपवणार कसं? तिनं सरळ सांगितलं, "ऊन लागलं."

सासूबाईंनी एक प्रश्न विचारला नाही. उलट, "गॅसपाशी येऊ नोको, वाफ लागन," म्हणून आठ दिवस स्वयंपाक त्यांनीच केला. फॉलोअपला आली तेव्हा भाग्यश्री रडायच्या बेतात होती. "सिस्टर, इतकं गिल्टी वाटून राहिलं! किती साध्या आहेत त्या."

पुढच्या गुरुवारी डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई आल्या. आडनाव ओळखीचं वाटलं. मी विचारलं, "काय त्रास आहे, काकू?"

त्यांनी ओठांभोवतीच्या सुरकुत्या दाखवल्या आणि माझ्या कानाशी आल्या. "सुनेले जे ऊन लागलं ना बाई, थेच मले लावून द्या. आन तिले सांगू नोका!"

* * *

शेंदूरजनाघाटचे रमेशभाऊ संत्र्याचे व्यापारी. साठी उलटलेली, मुलीचं लग्न तोंडावर. मॅडमनी हातात आरसा दिला आणि विचारलं, "यात तुम्हाला नेमकं काय खटकतं?"

भाऊंनी चेहरा असा फिरवून फिरवून पाहिला, जसा काही ढिगातला माल. "कपाळ एक नंबर. डावा गाल दोन नंबर. आन हे डोळ्याखालचं तं..." जरा थांबले, "हे ज्यूसवाल्यालेच जाईन!"

मॅडम हसल्या, पण स्पष्ट बोलल्या. "भाऊ, लेझरनं तुम्ही चाळिशीचे होणार नाही. थोडा फरक पडेल, एवढंच."

"मले कुठं चाळिशीचं व्हाचं हाये? आमी संत्र्याले मेणाची पॉलिश करतो, आतलं संत्र थेच राह्यते. तुमी फक्त असं करा मॅडम, का पेटीच्या वरच्या थरात बसलो पाह्यजे!"

* * *

इंगळे साहेब सरकारी ऑफिसात क्लार्क. पापण्यांचं ऑपरेशन छान झालं, सूज उतरली, कामावर हजर झाले. तर मोबाइलवरची हजेरी त्यांचा चेहराच घेईना! तीन दिवस माणूस खुर्चीवर आणि रेकॉर्डला गैरहजर.

चौथ्या दिवशी आमच्याकडे आले. "मॅडम, तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या, का हे थेच इंगळे हायेत."

मॅडमनी लिहून दिलं. सही, शिक्का, सगळं. इंगळे दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"अजून एक कॉपी भेटन काय? घरी बी दाखवा लागते!"

* * *

हा किस्सा मात्र मला फार आवडतो. पूजा, एमएस्सी झालेली, गालांवर पिंपल्सचे खड्डे. आईबरोबर आली. मुलगा पाहून गेला होता. त्यांच्याकडून निरोप आला होता, "मुलगी शिकलेली आहे, चांगली आहे. तेवढा चेहरा दुरुस्त करून आणा, मग सांगतो."

मॅडमनी आईला बाहेर बसवलं आणि पूजाला विचारलं, "तुला स्वतःला करायचं आहे का? नसेल तर मी आईला समजावते."

पूजा म्हणाली, "कॉलेजपासून मनात आहे, मॅडम. पैसे आत्ता निघून राहिले घरातून, तर करून घेते ना!"

तीन सिटिंग झाल्या. खड्डे पुष्कळ भरून आले. शेवटच्या वेळी ती माझ्यासमोर क्रीम लावून बसलेली, आणि शेजारी बसलेल्या आईचा फोन वाजला. मुलाच्या आईचा होता. त्यांनी कुठूनतरी पूजाचा नवा फोटो पाहिला होता. आता मुलगी पसंत होती! आईचा चेहरा असा फुलला की तिलाच लेझर केलंय असं वाटावं. तिनं फोनवर हात धरला. "पूजे, काय सांगू वं?"

पांढरं तोंड घेऊन पूजा शांतपणे म्हणाली, "त्यायले सांग, पोराचा सभाव दुरुस्त करून आना, मंग सांगतो!"

आईनं फोनवरचा हात काढला. मग फोनमध्ये म्हणाली, "पोरगी बिझी हाये." आणि कट केला!

* * *

धनराजभाऊ गावच्या सोसायटीचे जुने संचालक. वरच्या पापण्या इतक्या खाली आलेल्या की समोरच्याला वाटायचं, म्हातारा झोपला. मीटिंगमध्ये झोपला, ओट्यावर झोपला, जेवताना झोपला! मुलगा घेऊन आला. "बाबा दोनदा पायरीवरून पडले, मॅडम. दिसतच नाही त्यायले."

ऑपरेशन झालं, पापण्या वर गेल्या. महिन्यानं भाऊ एकटेच आले. तोंड उतरलेलं. मी म्हटलं, काही बिघडलं का काय? मॅडमनी तपासलं. सगळं उत्तम!

"दिसतं ना नीट?"

"दिसते ना! लांबच्या पाटीवरचं बी वाचतो."

"मग झालं काय?"

भाऊंनी सुस्कारा सोडला. "बाप्पा, आधी मी झोपलो समजून समदे माह्यासमोर मोकळं बोलत. कोन चेअरमनच्या मांगं हाये, सून मले काय म्हनते, लहान्याच्या मनात काय हाये... घरबसल्या समदं समजे. आता मी दिसलो का चुप! काहीच समजून नाही राहिलं."

मग हळूच एका पापणीकडे बोट दाखवलं. "एक डोळा तेवढा परत पाडून देता काय?"

* * *

तायडे मॅडम अकोल्याच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "पापण्या जड झाल्या, वाचताना त्रास होतो." ते खरंच होतं. कारण मात्र रक्तदाब मोजताना मला सांगितलं.

त्यांचे मिस्टर पाटबंधारे खात्यात होते. दोन वर्षांपासून विसरायला लागले होते. लग्नातला फोटो हातात घेऊन दिवसभर विचारायचे, "हे कुठं गेली? हिले बोलवा ना." तायडे मॅडम म्हणायच्या, "अहो, मीच ती." तर काका चिडायचे.

मी ते आमच्या मॅडमच्या कानावर घातलं. त्यांनी तायडे मॅडमना समोर बसवून सांगितलं, "फोटोतलं वय मी परत नाही आणू शकत. आणि काका ओळखतील याची काही खात्री नाही."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "फक्त माहे डोळे दिसू द्या त्यायले. बाकी राहू द्या."

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी टाके काढायचे होते. घरी त्यांच्याजवळ थांबायला कोणी नव्हतं, म्हणून काकांनाही सोबत आणलेलं. ते बाहेर बाकावर बसले, मांडीवर फोटो. टाके निघाले. तायडे मॅडमनी आरशात पाहिलं, केस नीट केले, आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. मी दारातच उभी राहिले.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. खूप वेळ. मग अदबीनं थोडे सरकून बसले.

"माफ करजा, बाई. माही मिसेस घरी वाट पाहून राहिली, नाही तं बसलो असतो तुमच्यापाशी."

तायडे मॅडमनी विचारलं, "कशी आहे तुमची मिसेस?"

"डोळे असेच हायेत तिचे. तुमच्यासारखे." काकांनी पुन्हा निरखून पाहिलं. "पन थे अशी रडत नाही."

तायडे मॅडमनी पदरानं डोळे टिपले. "मग मी येऊ का तुमच्या घरी?"

काका उठले आणि त्यांच्यापुढे हात केला. "चाला ना. पन चहा तिच्याच हातचा प्या लागन!"