सिस्टरच्या सीटचं माप

बैठकमावशींबद्दल आमच्या गल्लीत अशी वदंता आहे, की त्या माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत, पाठमोरा झाला की ओळखतात. ही शुद्ध थाप आहे. पाठमोरासुद्धा त्या ओळखत नाहीत. माणूस उठून गेला, की मग ओळखतात.

मावशी मोटरसायकलच्या सीट शिवतात. दुकान म्हणजे एक शटर, एक दणकट शिवणयंत्र, फोमचे पिवळे ठोकळे आणि खुंट्यांवर लटकणारी रेक्झिनची भेंडोळी. पाटीवर 'सर्व प्रकारच्या बैठका' असं लिहिलंय, कारण पुढचे शब्द मावेनात म्हणून पेंटरने सोडून दिले. एकदा एक गृहस्थ सभेसाठी जागा बघायला आत आले. मावशींनी विचारलं, "किती जण बसणार?" ते म्हणाले, "चाळीस." मावशींनी चष्मा वर केला. "आणि गाडी कोणती आहे?" त्या दिवसापासून त्या बैठकमावशी झाल्या.

गिऱ्हाइकाने जुनी सीट टेबलावर टाकली, की मावशी तिच्यावरून तळहात फिरवतात, डॉक्टर पोट चाचपतात तसा. "पाकीट मागच्या उजव्या खिशात ठेवता." गिऱ्हाईक खिसा चाचपतं. "ब्रेकला भिता, टाकीला चिकटून बसता." गिऱ्हाईक इकडेतिकडे बघतं. "आणि मागे बसणारं माणूस बहुतेक रुसलेलं असतं. पार मागचं टोकच झिजलंय." एक जण यावर सीट न घेताच निघून गेला होता. मावशींना त्याचं काही नाही. "माणूस थापा मारतो," त्या म्हणतात, "सीट मारत नाही." आता त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या सीटला तीन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली आहे, पण दिव्याखाली अंधार असायचाच.

मावशींचं भटकणारं टोळकं तिघांचं. एक मावशी. दुसऱ्या सिस्टर, म्हणजे इस्पितळातल्या नर्स, मावशींच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. तिसरे पोस्टमनकाका, ज्यांना सगळे रस्ते पाठ आहेत, पण अंतर एकही नाही. त्यांच्या मागच्या सीटवर कधीमधी त्यांची अकरावीतली पुतणी असते. दर दोन-तीन महिन्यांनी सुट्टी जुळवायची, गाड्या काढायच्या आणि जिथे कोणी जात नाही तिथे जाऊन डबे खायचे, हा यांचा नेम.

पण गेलं वर्षभर नेम मोडला होता. पेशंट उचलता उचलता सिस्टरची पाठ धरली आणि त्यांचं गाडी चालवणं थांबलं. शेवटी त्यांनी ती विकायला काढली. एका मास्तरांनी पसंतही केली, सोमवारी न्यायला येणार होते.

"सोमवार येऊ दे," मावशी म्हणाल्या. "आधी रविवार आहे. त्या आतल्या धबधब्यावर जायचं ठरलं होतं ना?"

"अगं, दोन तास जायला, दोन तास यायला. पाठ ओरडेल."

"तुझी सीट दे पाठवून. पाठीला तोंडच उघडू देणार नाही."

सिस्टरनी विचार केला. "बरं. पाठ गप्प राहिली तर गाडी ठेवते. बोलली, तर सोमवारी चावी देऊन मोकळी. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

सीट आली. मावशींनी तळहात फिरवला आणि त्यांचे डोळे चमकले. डावी बाजू चांगली दोन बोटं खचलेली. म्हणजे बाई डावीकडे कलून बसते. पाठ दुखणार नाही तर काय होणार? त्यांनी डावीकडे कडक फोमची पाचर चिकटवली, वर मऊ थर दिला, नवं रेक्झिन ताणून बसवलं. सिस्टरना एकदा बसवून बघायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. शिंप्याला माणूस लागतो. मावशींना कशाला?

रविवारी सकाळी तीन गाड्या निघाल्या, काकांच्या मागे पुतणी. पहिला अर्धा तास मावशी स्वतःवरच खूश होत्या. सिस्टरच्या मागे राहून त्या आपली सीट बघत होत्या, लग्नात मुलीकडची माणसं जेवणाऱ्यांची पानं बघतात तशा. मग डांबर संपलं, खडी लागली, आणि मावशींच्या लक्षात आलं की सिस्टरचा उजवा पाय सारखा खाली लोंबतोय. मग खांदा तिरका झाला. मग दर खड्ड्याला सिस्टर किंचित उभ्या राहू लागल्या.

मावशींनी गाडी शेजारी घेतली. "दुखतंय?"

"छे. आपल्याला काही होत नाहीये." सिस्टर स्वतःबद्दलही 'आपण' म्हणतात. वॉर्डातली सवय: आपण आता गोळी घेऊ या, आपण आता कुशीवर वळू या. आणि दुखतंय का हे विचारायचं काम त्यांचं असल्यामुळे, दुखतंय हे सांगायचं काम त्या दुसऱ्यांवर सोडतात.

"काका, किती राहिलं?" मावशींनी ओरडून विचारलं.

"हे काय, त्या टेकडीमागे."

टेकडी गेली. मागे दुसरी टेकडी होती. "हे काय," काका म्हणाले. चौथ्या 'हे काय'ला ओढा लागला, पलीकडे पायवाट, आणि वाट संपली तिथे तो होता. उंच काळ्या कड्यावरून पाणी निवांत खाली येत होतं, घाई नसलेल्या माणसासारखं, मधेच एका कपारीत थबकत, मग आठवण झाल्यासारखं पुन्हा सुटत. खाली डोह, डोहाकाठी वाळू. आसपास चिटपाखरू नाही.

सिस्टर गाडीवरून उतरेचनात. टाकीवर दोन्ही हात ठेवून त्या धबधब्याकडे बघत राहिल्या. "छान आहे गं," त्या म्हणाल्या. "शेवटची ट्रिप झकास झाली. उद्या देऊन टाकू या आपण."

मावशींनी धबधब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सिस्टरना हात देऊन उतरवलं, सीट काढली आणि मांडीवर घेऊन बसल्या. पंचवीस वर्षांत एक सीट त्यांच्याशी खोटं बोलली नव्हती. आणि बोलायचं, तर नेमकं हिच्या बाबतीत?

"तू डावीकडे का कलतेस?"

"मी कुठे कलते? कलतात ते आमचे हे. गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा डाव्या खिशात असतो ना."

मावशींचा हात थांबला. "हे कधी बसले हिच्यावर?"

"वर्षभर तेच तर नेतात कामावर. उभी राहिली तर बॅटरी उतरते म्हणून."



"म्हणजे," मावशी सावकाश म्हणाल्या, "मी तुला दोन तास तुझ्या नवऱ्याच्या बुडाच्या मापावर बसवलं."

पोस्टमनकाकांना इतकं हसू आलं की ते बुटांसकट ओढ्यात बसले. सिस्टर हसल्या आणि लगेच पाठ धरून म्हणाल्या, "हसवू नका, आपल्याला झेपत नाही." मावशी हसल्या नाहीत. त्यांनी डोहाकाठची ओली वाळू हाताने सपाट केली.

"बस इथे."

"चिखलात?"

"वाळू आहे. नेहमी गाडीवर बसतेस तशी बस. उगाच ताठ नको, मला सीटवरची हवीस, वॉर्डातली नको."

सिस्टर बसल्या. पाच मिनिटांनी त्यांना उठवून मावशी त्या ठशापुढे ओणव्या झाल्या. ठसा स्वच्छ सांगत होता: उजवी बाजू खोल, मधे माकडहाडाचा खळगा. दुखऱ्या डाव्या अंगाला जपायला बाई सगळा भार उजवीकडे देत होती, आणि मावशींच्या पाचरीने तिला आणखी उजवीकडेच ढकललं होतं.

मग त्या धबधब्यासमोर दुकान लागलं. गाडीतल्या स्क्रूड्रायव्हरने पिना उचकटल्या, रेक्झिन सोललं, डावीकडची पाचर खपलीसारखी काढून उजवीकडे लावली, फळं कापायच्या सुरीने मधे पन्हळ कोरली. बोटांनी ठसा मोजायचा, फोम कापायचा, पुन्हा ठशाकडे जायचं. रेक्झिन पुन्हा बसवायला पिना नव्हत्या.

"अहो पोस्टमन, बुटांच्या नाड्या द्या."

"आणि मी?"

"तुम्हाला कुठे चालायचंय? हे काय, इथेच तर आहे घर."

पुतणीच्याही नाड्या गेल्या. चार नाड्यांनी सीट खालून अशी आवळली की ती मोटरसायकलची कमी आणि बाळंतविडा जास्त दिसत होती.

आता कबूल करते, की ती पुतणी म्हणजे मी. इतका वेळ मधे आले नाही, कारण गोष्ट माझी नाही. पण इथे माझी जीभ वळवळली. सिस्टरच्या आवाजात मी म्हटलं, "आपण जरा थांबू या हं, आपल्याला कळ येते." आणि वर मावशींच्या आवाजात, "सीट थापा मारत नाही. नवरा मारतो."

मावशी हात पुसत माझ्यापाशी आल्या. "लाव पैज. घरापर्यंत ती पाठीसाठी एकदा जरी थांबली, तर तू म्हणशील ते. नाही थांबली, तर वर्षभर माझी नक्कल बंद. तोंडाने, हाताने, चष्मा वर करून, कशीही नाही."

मी हसत हसत टाळी दिली. नाड्यांनी बांधलेली सीट आणि दोन तासांचा रस्ता. मला तर दया येत होती.

चाळीस मिनिटांनी सिस्टर थांबल्या. मी काकांच्या मागे जवळजवळ उभीच राहिले. "जिंकले, मावशी."

सिस्टरनी गाडीवरूनच मान वळवली. खांदे सरळ, दोन्ही पाय जागच्या जागी. "पाठीचं काही नाही. तुझ्या काकांच्या एका पायात बूट नाही, नाडीविना मागे ओढ्यापाशीच पडला असणार. आपण आणू या का?" आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी गाडी वळवली, गेल्या, बूट घेऊन आल्या आणि पुढे निघाल्या. घराच्या फाटकाशीही थांबल्या नाहीत, गल्लीला आणखी एक चक्कर मारून आल्या.

सोमवारी मास्तरांना चहा मिळाला, चावी मिळाली नाही.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. परवा मावशींकडे एक गिऱ्हाईक आलं. मावशींनी त्याच्या सीटवर तळहात फिरवला, चष्मा वर केला आणि अशा सुरात असं एक वाक्य बोलल्या, की सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. मी तोंडात रुमाल कोंबला. अजून नऊ महिने आहेत.